दगडाला विरजण

एका काचेच्या पेल्यात कोमट पाणी घेऊन त्यात तुरटीचा खडा विरघळवला. दुसऱ्या पेल्यात खाण्याचा सोडा. मग सोड्याचं पाणी हळूहळू तुरटीच्या पाण्यात सोडलं. फसफसून फेस वर आला, आणि फेस बसल्यावर पेल्यात पांढरट ढगासारखं काहीतरी तरंगू लागलं. पेला हलवला की ते सावकाश हलायचं, पातळ पेजेसारखं. ते गाळून घ्यावं म्हणून मी पातेल्यावर सुती फडकं बांधून ओतलं. पहिले काही थेंब भराभर पडले, मग फडक्याची छिद्रं बुजली आणि थेंब थांबले. सकाळी बघितलं तर निम्मं पाणी अजून फडक्याच्या वरच होतं. तळाशी जे जमलं होतं, ते बोटाला खळीसारखं बुळबुळीत लागत होतं.

या खळीचं नाव ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइड. पावसाळ्यात गढूळ पाण्याच्या हंड्यात तुरटी फिरवली की गाळ खाली बसतो, तो हिच्यामुळेच. ती गाळाचे बारीक कण आपल्या जाळ्यात धरून खाली नेते. आजीच्या हातचं ते काम आणि जगातला एक प्रचंड उद्योग यांच्या मुळाशी हा एकच पदार्थ आहे. घरातलं जर्मनचं पातेलं, औषधाच्या गोळ्यांची चंदेरी पट्टी, विमानाचा पंख, उच्च दाबाच्या विजेच्या तारा यांतलं खाणीतून आलेलं ॲल्युमिनियम आधी कधीतरी ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइड होतं. तो हायड्रॉक्साइड भाजला की पांढरी भुकटी मिळते, ती ॲल्युमिना. हे नावही तुरटीवरूनच आलंय, लॅटिनमध्ये तुरटीला ॲल्युमेन म्हणतात. जगात वर्षाला सुमारे १४ कोटी टन ॲल्युमिना तयार होतो.

आता ते फडकं पुन्हा डोळ्यासमोर आणा. पेलाभर खळ रात्रभरात गाळून होत नाही, मग १४ कोटी टनांचं काय? कारखान्यात मात्र हाच हायड्रॉक्साइड साखरेसारखा रवाळ निघतो. गाळता येतो, धुता येतो, पट्ट्यावरून वाहून नेता येतो. खळीचा रवा कसा झाला, ही गोष्ट मला रसायनशास्त्रातल्या सगळ्यात सुंदर गोष्टींपैकी एक वाटते. आणि आजही ॲल्युमिना शुद्ध करताना ऊर्जा, कॉस्टिक सोडा आणि वेळ वाचवायचे जे प्रयत्न चालतात, ते पुष्कळदा फिरून त्या रव्यापाशीच येतात.

पण सुरुवात दगडापासून करायला हवी, आणि तो दगड आपल्या ओळखीचा आहे. कोकणातल्या घरांचा जांभ्याचा चिरा आठवा. तांबूस, भोकाभोकांचा, खाणीतून काढताना मऊ आणि वाऱ्यावर टणक होत जाणारा. सह्याद्रीच्या माथ्यावर आणि कोकणातल्या सड्यांवर जांभ्याचा जाड थर आहे. बॉक्साइट हा या जांभ्याचाच भाऊ. कोल्हापूर जिल्ह्यात राधानगरी आणि चंदगडच्या डोंगरमाथ्यांवर तो सापडतो, रत्नागिरी-रायगडच्या काही सड्यांवरही आहे. राधानगरीजवळच्या दुर्गमानवाडचं बॉक्साइट बेळगावच्या कारखान्यात गेलेलं आहे. त्याचा एखादा गोटा हातात घेतला तर गुलाबी-पांढऱ्या दगडात हरभऱ्याएवढ्या गोळ्या रुतून बसल्यासारख्या दिसतात. नखाने खरवडला की पीठ निघतं.

या दगडाचा बाप म्हणजे आपला काळा कातळ, बेसॉल्ट. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थर एकावर एक पसरले आणि दख्खनचं पठार झालं. बेसॉल्टमध्ये वजनाने जवळपास निम्मी सिलिका असते आणि ॲल्युमिना शंभरात पंधराच्या आसपास. या कातळावर लाखो वर्षं उबदार हवेत पाऊस पडत राहिला. पावसाच्या पाण्याने आधी सोडियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम धुऊन नेलं, मग हळूहळू सिलिकाही नेली. पाण्याला जे हलवता आलं नाही ते मागे राहिलं. लोह राहिलं तिथे जांभा झाला, आणि जिथे निचरा फार चांगला होता तिथे ॲल्युमिना साठत साठत शंभरात चाळीस-पन्नासपर्यंत गेला. म्हणजे शुद्ध करण्याचं अर्धं काम डोंगराने आणि पावसाने आपल्या आधीच करून ठेवलंय. बॉक्साइट हे नाव मात्र दक्षिण फ्रान्समधल्या ले बो या गावाचं. पिएर बेर्तिए यांना १८२१ मध्ये तिथे हा दगड सापडला.

उरलेलं अर्धं काम अवघड होतं. १८५० च्या दशकात फ्रान्समध्ये बॉक्साइट धुण्याच्या सोड्याबरोबर भट्टीत भाजत, पाण्यात विरघळवत आणि त्या पाण्यात कार्बन डायऑक्साइड सोडून हायड्रॉक्साइड खाली पाडत. इंधन भरपूर जाळायचं आणि पुष्कळ मेहनत करायची, असा तो प्रकार.

मग कार्ल जोसेफ बायर यांचं नाव येतं. ॲस्पिरिनवाल्या बायर कंपनीशी त्यांचा काही संबंध नाही. जन्म १८४७ चा, तेव्हाच्या ऑस्ट्रियन साम्राज्यातल्या आणि आता पोलंडमध्ये असलेल्या बिलित्स गावचा. हायडेलबर्गला बुन्सेन यांच्या हाताखाली ते शिकले आणि पुढे रशियात सेंट पीटर्सबर्गच्या एका रसायन कारखान्यात कामाला लागले. त्या कारखान्याला ॲल्युमिना हवा होता तो धातूसाठी नव्हे, कापड रंगवण्यासाठी. सुती कापडावर रंग पक्का बसावा म्हणून रंगाऱ्यांना ॲल्युमिनियमचे क्षार लागत. आपले रंगारी तुरटी वापरत आले ती याच कामासाठी.

१८८७ मध्ये बायर यांच्या लक्षात आलं की कॉस्टिक सोड्यात विरघळलेल्या ॲल्युमिनाच्या द्रावणात आधीच तयार झालेला ताजा हायड्रॉक्साइड थोडासा टाकला आणि ते ढवळत ठेवलं, तर कुठलंही आम्ल न घालता, कुठलाही वायू न सोडता द्रावण आपणहून हायड्रॉक्साइड टाकू लागतं. आणि जे खाली पडतं ती खळ नसते. ते स्फटिक असतात, स्वच्छ आणि सहज गाळता येणारे. १८८८ मध्ये त्यांनी याचं पेटंट घेतलं.

आपल्याकडे हे समजावून सांगायला वेगळा शब्द शोधावा लागत नाही. हे विरजण आहे. काल लावलेल्या दह्यातलं चमचाभर आजच्या दुधात. फरक एवढाच की विरजणात जिवंत जिवाणू असतात आणि इथे जिवंत काही नाही. इथे स्फटिकाचा पृष्ठभाग काम करतो. खडीसाखर करताना दाट पाकात दोरा सोडतात, त्याच्या हे आणखी जवळचं आहे.

पण द्रावणाला विरजणाची गरज का पडावी? गार झालेल्या द्रावणात मावेल त्यापेक्षा कितीतरी जास्त ॲल्युमिना असतो, तरी बीज, म्हणजे विरजणाचे स्फटिक, नसेल तर ते दिवसेंदिवस तसंच गप्प राहू शकतं. याचं कारण अणूंच्या मांडणीत आहे. कॉस्टिकच्या द्रावणात ॲल्युमिनियमच्या प्रत्येक अणूभोवती चार हायड्रॉक्सिल गट असतात. स्फटिकात ते सहा लागतात. चाराचं घर मोडून सहाचं बांधणं एकट्या भटक्या अणूला जमत नाही. आधीच सहाच्या मांडणीत बसलेला स्फटिकाचा काठ जवळ असेल तर तो त्या काठाला लागून आपली जागा घेतो. म्हणून हे काम सावकाश चालतं. कारखान्यातल्या दहा मजली इमारतीएवढ्या उंच टाक्यांत द्रावण दीड-दोन दिवस ढवळत राहतं, गार होत राहतं, आणि प्रत्येक लिटरमागे शेकडो ग्रॅम बीज त्यात फिरत असतं. टाकीत ताजा माल जितका तयार होतो, त्याच्या कितीतरी पट बीज असतं. बाहेर पडणाऱ्या मालातले जाड दाणे पुढे जातात आणि बारीक दाणे पुन्हा विरजण म्हणून मागे येतात.

१८९२ च्या दुसऱ्या पेटंटमध्ये बायर यांनी उलटी बाजू बसवली. बॉक्साइट थेट गरम कॉस्टिकमध्ये दाबाखाली विरघळवायचं. आता चक्र पूर्ण झालं. गरम कॉस्टिक दगडातला ॲल्युमिना उचलतं. लोह आणि टायटॅनियम विरघळत नाहीत, ते लाल गाळ म्हणून बाजूला काढायचे. स्वच्छ द्रावण गार करून बीज टाकायचं, ॲल्युमिना उतरवायचा. आणि जे कॉस्टिक उरलं ते पुन्हा तापवून नव्या दगडाकडे पाठवायचं. दरम्यान १८८६ मध्ये अमेरिकेत चार्ल्स मार्टिन हॉल आणि फ्रान्समध्ये पॉल एरू यांनी विजेच्या मदतीने ॲल्युमिनापासून धातू काढण्याची रीत स्वतंत्रपणे शोधली होती. रंगाऱ्यांसाठी काढलेल्या युक्तीला एकाएकी अख्ख्या धातूयुगाचं गिऱ्हाईक मिळालं. सव्वाशेहून अधिक वर्षं झाली, आजही जगातला बहुतेक सगळा ॲल्युमिना याच रीतीने होतो.

या कारखान्याकडे बघताना नजर साहजिकच एका टोकाने आत जाणाऱ्या दगडावर आणि दुसऱ्या टोकाने बाहेर येणाऱ्या भुकटीवर जाते. मला वाटतं, बघायचं ते मधल्या द्रवाकडे. तो कधी बाहेर पडत नाही. तापतो, गार होतो, पुन्हा तापतो, वर्षानुवर्षं फेरे घालतो. कारखाना किती काटकसरीने चालतो हे ठरतं एका आकड्यावर: एका फेऱ्यात एक लिटर द्रव किती ग्रॅम ॲल्युमिना उतरवून जातो.

हिशेब करून बघू. लिटरमागे ५० ग्रॅम उतरत असतील तर एक टन ॲल्युमिनासाठी २०,००० लिटर द्रव फिरवावा लागेल. उन्हाळ्यात गावात येणारा पाण्याचा मोठा टँकर १०,००० लिटरचा धरला, तर दोन टँकर. हाच आकडा लिटरमागे ८० ग्रॅमवर नेला तर १२,५०० लिटर पुरतात, सव्वा टँकर. मधला पाऊण टँकर उकळायचा नाही, पंपाने चढवायचा नाही, गार करायचा नाही, आणि हे दर टनामागे. जुन्या आणि नव्या कारखान्यांत साधारण एवढं अंतर पडलेलं आहे. त्यासाठी कुठलं नवं रसायन सापडलं नाही. बीज जास्त घाला, गार करण्याचा वेग नीट सांभाळा, दगड विरघळवताना द्रव जास्तीत जास्त भरून घ्या, अशा बारीकसारीक गोष्टींनी ते साधलं.

त्यातही ओढाताण आहेच. द्रव फार लवकर गार केला तर ॲल्युमिना जास्त उतरतो खरा, पण दाणा पिठासारखा बारीक पडतो. धातू काढणाऱ्यांना पीठ नको असतं, वाळूसारखा दाणा हवा असतो. तो उडून जात नाही, विजेच्या भट्टीत चटकन मिसळतो आणि भट्टीच्या धुरातला विषारी फ्लोराइड वायू शोषून घ्यायलाही उपयोगी पडतो. म्हणून आधी कोमट द्रवात बारीक कण एकमेकांना चिकटू द्यायचे, मग गार करत करत त्या गोळ्यांवर थर चढू द्यायचे. साखर कारखान्यात पॅनवर काम केलेल्या माणसाला हे लगेच कळेल. पाकात बी कधी सोडायचं, दाणा कधी धरला, आता वाढू द्यायचा की थांबवायचा, ही नजर दोन्हीकडे सारखीच लागते.

साखरेशी नातं इथेच संपत नाही. उसाचा रस आटवताना पहिल्या भांड्यातली वाफ दुसऱ्या भांड्याला उकळवते, दुसऱ्यातली तिसऱ्याला, प्रत्येक पुढच्या भांड्यात दाब थोडा कमी. ही रीत अमेरिकेत न्यू ऑर्लिन्सला जन्मलेल्या नॉर्बर्ट रिलिये यांनी साखरेसाठी बसवली, तिचं पहिलं पेटंट १८४३ चं. ॲल्युमिनाचा कारखाना याच तत्त्वावर जगतो. दाबाखाली तापलेला द्रव एकामागून एक टाक्यांत सोडतात. प्रत्येक टाकीत दाब उतरतो, थोडी वाफ सुटते, आणि ती वाफ दुसऱ्या बाजूने येणाऱ्या गार द्रवाला तापवते. जाणारा येणाऱ्याला आपली ऊब देऊन जातो. हे नीट जमलेला कारखाना आणि न जमलेला कारखाना यांच्या इंधनाच्या बिलात फार मोठा फरक पडतो.

किती तापवायचं हे मात्र दगड सांगतो. बॉक्साइटमधला ॲल्युमिना तीन रूपांत येतो. गिब्साइट हे सगळ्यात सोपं रूप, १४०-१५० अंशांत विरघळतं. बोहमाइटला २४० अंशांच्या आसपास जावं लागतं आणि डायस्पोरला त्याहून वर. ओडिशात कोरापुट जिल्ह्यातल्या पंचपटमाळी डोंगरावरचं बॉक्साइट मुख्यतः गिब्साइटचं आहे. तिथून १४.६ किलोमीटर लांब पट्ट्यावरून ते खाली दमणजोडीला नाल्को कंपनीच्या कारखान्यात येतं. तो दगड इतका सरळ आहे की त्याला दाबाची भांडी लागत नाहीत. साध्या हवेच्या दाबाला, १०६ अंशांच्या आसपास, म्हणजे पाण्याच्या उकळीच्या जरासं पुढे, काम होऊन जातं. काही ठिकाणी गिब्साइट आणि बोहमाइट एकाच दगडात येतात. तेव्हा एक सुरेख युक्ती करतात. कडक दगड विरघळवून द्रव बाहेर पडतो तेव्हा तो अजून गरम आणि थोडा भुकेलाच असतो. त्या उरलेल्या उष्णतेत थोडं सोपं बॉक्साइट टाकतात. जादा ॲल्युमिना मिळतो, जादा वाफ लागत नाही. साखरेशी संबंध नसतानाही कारखान्यातले लोक याला ‘गोड करणं’ म्हणतात.

कुठल्या दगडात कुठलं खनिज किती, हे आधी कळलं तरच हे सगळं ठरवता येतं. नागपूरजवळ वाडीला १९८९ मध्ये स्थापन झालेलं जवाहरलाल नेहरू ॲल्युमिनियम संशोधन केंद्र अशाच कामाला वाहिलेलं आहे. खाणीखाणीच्या दगडाची कुंडली मांडायची आणि तो कॉस्टिकमध्ये कसा वागेल ते तपासायचं.

त्या कुंडलीत दोन घरं वाईट. पहिलं चिकणमातीचं. सिलिका दोन रूपांत येते. वाळूसारखी असेल तर कमी तापमानाला ती कॉस्टिकला फारशी जुमानत नाही आणि गाळाबरोबर निघून जाते. पांढऱ्या चिकणमातीच्या, केओलिनच्या रूपात असेल तर ती विरघळते, मग सोडियम आणि ॲल्युमिना दोघांना घट्ट धरून नवा दगड बनवते आणि गाळात जाऊन बसते. एक किलो अशी सिलिका जवळपास एक किलो कॉस्टिक खाते आणि तेवढाच ॲल्युमिनाही बरोबर नेते. वर तिचा थर तापवणाऱ्या नळ्यांच्या आत चढतो. घरच्या गिझरमध्ये क्षार धरतो तसा, फक्त कितीतरी लवकर. नळी थराने जाड झाली की उष्णता आत शिरत नाही, कारखान्याचा तो भाग थांबवून ती घासावी लागते. यावरचा उपायही मोठा गमतीचा आहे. दगड आणि कॉस्टिकचं मिश्रण आधीच कित्येक तास शंभर अंशांच्या जवळ ठेवून देतात. जो नवा दगड बनायचा तो तिथेच बनतो, आधी बनलेल्या आपल्याच कणांवर, आणि नळ्या वाचतात. इथेही विरजणच.

दुसरं वाईट घर पानांचं. बॉक्साइट डोंगरमाथ्यावर, जंगलाच्या मुळांखाली असतं. कुजलेल्या पानांचा, मुळांचा अंश दगडाबरोबर कारखान्यात येतो आणि कॉस्टिकमध्ये विरघळतो. द्रवाचा रंग चहासारखा, कधी त्याहून गडद होतो. फेऱ्यागणिक हे पदार्थ मोडत मोडत शेवटी सोडियम ऑक्झलेट बनतात आणि त्याच्या सुया टाकीत तरंगू लागतात. त्या सुयांवर हायड्रॉक्साइड भलतीकडेच दाणा धरतो, बारीक पीठ पडतं. शिवाय काही पदार्थ बीजाच्या काठांवर जाऊन बसतात आणि अणूंची जागा अडवतात. डोंगरावर कधीकाळी गळलेल्या पानाने एका स्फटिकाची वाढ रोखावी, हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा मी बराच वेळ त्याचाच विचार करत होतो. म्हणून द्रवाचा काही भाग सतत बाजूला काढून ऑक्झलेट वेगळा करावा लागतो.

आता लाल गाळाकडे. एक टन ॲल्युमिनासाठी दोन ते तीन टन बॉक्साइट लागतं, आणि मागे एक ते दीड टन लाल गाळ उरतो. हा गाळ मैद्याहून बारीक. तो आपणहून खाली बसायला फार वेळ घेतो, आणि द्रव जितका वेळ गाळाशेजारी थांबेल तितका उतरू नये तिथे ॲल्युमिना उतरतो. म्हणून पूर्वी स्टार्च टाकून कण एकत्र करत, स्वयंपाकघरातल्या पिठातलाच तो पदार्थ. आता त्यासाठी घडवलेले लांब साखळ्यांचे रेणू आले आहेत. त्यांची चिमूटभर मात्रा पुरते आणि गाळ मिनिटांत बसतो. तुरटीने हंड्यात जे केलं, तेच काम इथे दुसरा पदार्थ करतो.

बसलेल्या गाळातही कॉस्टिक मुरलेलं असतं. ते सोडवायला गाळ एका टाकीतून पुढच्या टाकीत सरकवतात आणि धुण्याचं पाणी उलट्या दिशेने आणतात. सगळ्यात स्वच्छ पाणी सगळ्यात धुतलेल्या गाळाला भेटतं, आणि तेच पाणी कॉस्टिक गोळा करत करत सगळ्यात कमी धुतलेल्या गाळापर्यंत पोचतं. थोड्या पाण्यात जास्त धुणं, हे आपल्याकडच्या टंचाईतल्या बायकांना शिकवायला नको. भांड्यांचं शेवटचं पाणी पुढच्या घाण भांड्यांना पहिलं लावायचं, हाच तो हिशेब.

इथे काटकसर आणि माणसाचा जीव यांची गाठ पडते. ४ ऑक्टोबर २०१० रोजी हंगेरीत आयकाजवळ गाळाच्या तळ्याची भिंत फुटली. पातळ, कॉस्टिकने भरलेला लाल लोंढा गावांत शिरला, दहा माणसं गेली आणि कित्येकांची कातडी भाजली. गाळ पातळ ठेवायचा, तळ्यात सोडायचा आणि भिंतीवर विसंबायचं, ही जुनी रीत किती महागात पडू शकते ते तेव्हा जगाने पाहिलं. आता मोठमोठ्या दाब-गाळण्यांत गाळ पिळून काढण्याकडे कल वाढला आहे. उसाचा चोथा पिळावा तसा तो पिळला जातो. वड्या पडतात, शंभर किलोत सत्तरहून अधिक किलो घन. त्या ट्रकने नेऊन रचता येतात. पिळून निघालेलं कॉस्टिक पुन्हा फेऱ्यात जातं, जागा कमी लागते, आणि खालच्या गावाच्या डोक्यावर पातळ गाळाचं तळं राहत नाही. कारखान्याचा फायदा आणि गावाची सुरक्षितता एकाच यंत्रातून निघते, अशी उदाहरणं उद्योगात फार नाहीत. हे यंत्र महाग आहे म्हणून टाळलं जाऊ नये, असं मला मनापासून वाटतं.

शेवटी भाजणं. धुतलेला हायड्रॉक्साइड कोरडा, पांढरा, हातातून वाळूसारखा सरकणारा. तरी त्याच्या आत पाणी आहे, स्फटिकात बांधलेलं. एक टन ॲल्युमिना मिळवायला १.५३ टन हायड्रॉक्साइड भाजावा लागतो आणि त्यातून अर्ध्या टनाहून जास्त पाणी वाफ होऊन निघतं. पूर्वी हे काम लांबलचक फिरत्या भट्ट्यांत चालायचं, सिमेंटच्या भट्टीसारख्या. आता दाणे गरम हवेच्या झोतात तरंगतात, हजार अंशांच्या आसपास काही क्षणांत भाजून निघतात, आणि बाहेर पडताना आपली उष्णता आत येणाऱ्या हवेला देतात. या बदलाने भाजण्याचं इंधन जवळपास एक तृतीयांश वाचलं.

पण ती वाफ? इंधनाच्या धुरात मिसळून ती आकाशात जाते. कारखान्याच्या एका टोकाला वाफ फुकट चालली आहे आणि दुसऱ्या टोकाला दगड विरघळवायला बॉयलर पेटवून वाफ केली जाते आहे. भट्टी विजेवर चालवली तर धूर होणारच नाही, निव्वळ वाफ मिळेल, आणि ती पहिल्या टोकाला नेता येईल. ऑस्ट्रेलियात पिंजारा इथे विजेवरच्या भाजणीचा अभ्यास हाती घेतला गेला, यार्वनला हायड्रोजन जाळून भाजण्याची चाचणी ठरली. हायड्रोजन जळला की पाणीच होतं, आणि तो हवेऐवजी निव्वळ ऑक्सिजनमध्ये जाळला तर तिथेही शेवटी वाफच उरते. बायर यांनी कॉस्टिकचा फेरा जोडला, त्यानंतर सव्वाशे वर्षांनी वाफेचा फेरा जोडण्याचा हा विचार आहे.

फेऱ्याची आणखी एक देणगी सांगायची राहिली. बॉक्साइटच्या एका टनात गॅलियम नावाचं मूलद्रव्य साधारण ५० ग्रॅम असतं. एवढ्याशासाठी कुणी खाण खोदणार नाही. पण गॅलियमचा स्वभाव ॲल्युमिनियमसारखाच. ते कॉस्टिकमध्ये विरघळतं आणि बीज टाकलं तरी बहुतेक द्रवातच राहतं. द्रव बाहेर पडत नाही, म्हणून दर फेऱ्याला त्यात थोडं थोडं गॅलियम साठत जातं. शेवटी लिटरमागे एखाद-दोन दशांश ग्रॅम होतं आणि खास राळेच्या मण्यांवर धरून ते वेगळं काढता येतं. जगातलं बहुतेक नवं गॅलियम याच द्रवातून येतं. एलईडी दिव्यात ते आहे, उपग्रहांच्या सौरपट्ट्यांत आहे. आणि हल्ली मिळणारे ते लहानसे, फोन भराभर भरणारे चार्जर, ज्यांच्यावर ‘गॅन’ लिहिलेलं असतं, त्यातलं ‘गॅ’ म्हणजे तेच.